कठीण काळाची आठवण कशी करावी: वहीपासून आज्ञापालनापर्यंत

उपकारस्तुतीच्या उपासनेत, घरभरणीच्या प्रार्थनेत किंवा ३१ डिसेंबरच्या रात्री दिलेल्या बऱ्याच साक्षींचा, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते इतरांसमोर सांगण्याचा, मार्ग ठरलेला असतो. आजारपण, मग कर्ज, मग नोकरी लागली, मुलगी इंजिनिअर झाली, घर झाले, देवाची स्तुती असो. साक्ष खोटी नसते, पण अर्धी असते. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात मोशे मिसरच्या (इजिप्तच्या) दास्यातून सुटून चाळीस वर्षे रानात चाललेल्या इस्राएल लोकांना आठवण करायला सांगतो तेव्हा क्रम वेगळा आहे. रानातला सगळा मार्ग आठवा (वचन २), त्या मार्गावर देवाने काय पुरवले ते पाहा (३-४), बाप मुलाला शिस्त लावतो तसे त्याने काय शिकवले ते ओळखा (५), आणि म्हणून त्याच्या आज्ञा पाळा (६). चांगली घरे, वाढलेली गुरे आणि सोनेरुपे त्यानंतर १२-१३ व्या वचनांत येतात आणि तीही इशारा म्हणून: हे सगळे मिळाल्यावर देवाला विसराल, सांभाळा. आपण नेमका त्या इशाऱ्याच्या जागी साक्षीचा शेवट करतो.

खालच्या पद्धतीचे पहिले सहा टप्पे एका कुटुंबाने किंवा एकट्या माणसाने चार ते सहा आठवड्यांत करायचे आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नका. चुका होतात त्या बहुतेक क्रम बदलल्यामुळेच होतात.

तयारी

वही: २०० पानी, जाड पुठ्ठ्याची, रेघांची. मोबाइलमध्ये लिहू नका. कागद आणि फोटो चिकटवायचे आहेत, शिवाय ही वही पुढे मुलांच्या हातात जायची आहे.

वेळ: आठवड्यातून एक बैठक, ४५ मिनिटे. रविवारी उपासनेनंतरची दुपार बरी. झोपण्याआधी बसू नका. बायबलमधल्या ७७ व्या स्तोत्रात स्तोत्रकर्ता आसाफ रात्रीच आठवत बसला आणि त्याचे डोळे मिटेनात.

कागद: दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड, सोनेतारणाची पावती, पतपेढीचे पासबुक, शाळेची फी-पावती, जुनी पत्रे, त्या वर्षाची डायरी. आठवण तारखा फिरवते, कागद फिरवत नाहीत.

सोबत: पाळक (चर्चचे धर्मगुरू), पाळकीणबाई किंवा मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, एखादी परिपक्व व्यक्ती. तिला आधी सांगून ठेवा की या दिवसांत आमच्यासाठी प्रार्थना करा आणि मध्येच फोन आला तर घ्या.

इशारा: लैंगिक अत्याचार, घरातली मारहाण, आत्महत्या किंवा डोळ्यांदेखत झालेला अपघाती मृत्यू असा प्रसंग असेल तर ही पद्धत एकट्याने वापरू नका. आठवण काढल्यावर छातीत धडधड होणे, झोप उडणे, जीव नकोसा वाटणे ही विश्वास कमी असल्याची लक्षणे नाहीत. डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

सुरू करण्याआधी घरातले कोणीतरी बायबलमधले फिलिप्पै ३:१३ (अध्याय ३, वचन १३) काढेल: प्रेषित पौल तर मागचे विसरायला सांगतो. त्याच अध्यायाची ५ आणि ६ ही वचने सोबत वाचून दाखवा. कुळ, शिक्षण, मंडळीचा छळ, सगळे त्याने नीट आठवून लिहिले आहे. ज्याचा अभिमान बाळगायचा आणि ज्यावर विसंबायचे, त्याचा हिशेब त्याने मागे टाकला. स्मरणशक्ती पुसली नाही.

टप्पा १: एकच प्रसंग निवडा

सगळे आयुष्य घेऊन बसू नका. ज्याला सुरुवात आणि शेवट आहे असा एक काळ घ्या आणि पानाच्या माथ्यावर तसाच लिहा: "जून २०१६ ते मार्च २०१७, बाबांचे डायलिसिस" किंवा "एप्रिल ते ऑक्टोबर २०२०, कंपनी बंद". तो काळ संपून निदान दोन वर्षे झालेली असावीत. चालू असलेल्या संकटाला आठवण लागत नाही, रोजची प्रार्थना आणि माणसांची मदत लागते.

आईवडिलांचा किंवा आजोबांचा प्रसंगही चालतो. प्रभू स्वीकारल्यावर गावाने टाकलेला बहिष्कार, बंद झालेले पाणी, शहरात येऊन चाळीतल्या एका खोलीत काढलेली वर्षे. अनुवाद २६:५-१० मध्ये पहिल्या पिकाची टोपली घेऊन देवापुढे उभा राहणारा शेतकरी मिसर सुटल्यावर पिढ्यांनी जन्मलेला असतो, तरी तो "आम्हांला" असेच म्हणतो. मात्र तो काळ भोगलेले माणूस हयात असेल तर पहिली बैठक त्याची. तुम्ही फक्त लिहा.

तपासा: प्रसंगाचे नाव एका ओळीत मावते का? मावत नसेल तर प्रसंग फार मोठा घेतला आहे.

टप्पा २: आधी घटना, अर्थ नंतर

वही उघडल्यावर समोर दोन पाने येतात. या बैठकीत फक्त डाव्या पानावर लिहायचे आणि त्या पानावर "देवाने" हा शब्द येऊ द्यायचा नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण हे पान कोरडे राहिले तरच उजवे पान खरे होते. डाव्या पानावर पाच गोष्टी लिहा:

काय घडले, तारखांसकट.
काय संपले: पैसा, धान्य, ताकद, माणसे. रक्कम आठवत असेल तर रक्कम.
कोण आले आणि कोण आले नाही.
मी काय केले, लाज वाटते तेही.
काय मागितले आणि ते मिळाले का.

इथे दोन बाजूंनी घसरायला होते. एक म्हणजे जुने दिवस गोड करून टाकणे. गणना ११:५ मध्ये इस्राएल लोकांना मिसरातले फुकटचे मासे, काकड्या, खरबुजे, कांदे, लसूण आठवतात. विटांचे काम आणि नदीत फेकलेली मुले त्या यादीत नाहीत. "तेव्हा गरिबी होती, पण माया होती" हे वाक्य लिहिण्याआधी थांबून विचारा: माया कोणाची, कोणावर, आणि घरात शेवटी कोण जेवत होते? बऱ्याचदा त्या प्रश्नाचे उत्तर आई असे निघते आणि पान बदलते.

दुसरी घसरण फुगवण्याची. चार दिवस उपास घडला असेल तर चारच लिहा. वाढवलेल्या संकटातून सोडवणारा देव मोठा होत नाही, सांगणाऱ्याचा शब्द मात्र हलका होतो.

तपासा: त्या काळात घरात असलेल्या दुसऱ्या माणसाला पान वाचायला द्या. त्याची आठवण वेगळी असेल तर खोडू नका, खाली त्याच्या नावाने लिहा. भावाभावांत या पानावरून वाद निघतात. वाद वाढला तर बैठक थांबवा आणि पुढच्या रविवारी सोबतच्या व्यक्तीला घेऊन बसा.

टप्पा ३: विलापाला जागा द्या

हा टप्पा बहुतेक घरांत गाळला जातो, कारण ख्रिस्ती माणसाने कुरकुर करू नये असे लहानपणापासून ऐकलेले असते. कुरकुर देवाविषयी दुसऱ्यांकडे केलेली असते. विलाप थेट देवाकडे असतो. शास्त्राने पहिलीला दोष दिला आणि दुसऱ्याला स्तोत्रांत जागा दिली.

१३ वे स्तोत्र समोर ठेवा. सहाच वचने आहेत. पहिल्या दोन वचनांत "किती काळ" हा प्रश्न चार वेळा येतो, तिसऱ्या-चौथ्यात मागणे, शेवटच्या दोनांत भरवसा. याच मांडणीवर उजव्या पानाच्या वरच्या एकतृतीयांश भागात आपल्या प्रसंगाचे सहा ते दहा ओळींचे मागणे लिहा आणि मोठ्याने वाचा. भरवशाच्या ओळी सुचल्या नाहीत तर ती जागा रिकामी सोडा. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते आणि तरीही ते शास्त्रात आहे.

इथे घाई करून लगेच "पण देव चांगला आहे" म्हणणाऱ्या माणसाला थांबवा, मग ते पाळक असले तरी. ७७ व्या स्तोत्रात आसाफ ७ ते ९ या वचनांत सहा प्रश्न विचारतो: प्रभू कायमचा टाकणार काय, त्याची दया आटली काय, तो कृपा करायला विसरला काय. त्यानंतर ११ व्या वचनात तो परमेश्वराची कृत्ये आठवू लागतो. प्रश्न गिळून टाकलेल्या माणसाची पुढची स्तुती तोंडपाठ असते, आणि मुलांना ते बरोबर कळते.

टप्पा ४: पुरवठा शोधा

आता उजव्या पानाचा उरलेला भाग. अनुवाद ८:३-४ आणि ८:१५ यांतून तीन प्रश्न निघतात आणि तेवढे पुरतात.

अन्न कोठून आले? मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेले अन्न, इस्राएलांच्या ओळखीचा नव्हता. तसा अनपेक्षित दिशेने आलेला घास आठवा. किराणावाल्याने खाते बंद केले नाही. शेजारणीने दोन महिने मुलांचा डबा दिला. ज्याच्याकडून अपेक्षा नव्हती त्या चुलत्याने न मागता पाच हजार पाठवले.

काय झिजले नाही? चाळीस वर्षे त्यांचे कपडे विरले नाहीत, पाय सुजले नाहीत. तुमच्याकडे काय टिकले? बाबांची जुनी सायकल, आईची शिवणयंत्रावरची नजर, नवराबायकोचे बोलणे, रविवारची उपासना. टिकलेल्या गोष्टींकडे कोणाचे लक्ष जात नाही, कारण त्या घडत नाहीत, नुसत्या असतात. या प्रश्नाला निदान अर्धी बैठक द्या.

खडकातून पाणी कोठे निघाले? जे कठीण होते त्यातूनच काही आले का? नोकरी गेल्याने शिकलेले काम, आजारपणामुळे बोलते झालेले भाऊ. नसेल तर लिहू नका.

उत्तरांचे दोन रकाने करा, "दिसले" आणि "वाटते". डबा आला हे दिसले. देवाने शेजारणीच्या मनात घातले हे विश्वासाने म्हणता येते, ते दुसऱ्या रकान्यात. "मला नम्र करण्यासाठी देवाने बाळ नेले" असली वाक्ये कोणत्याच रकान्यात नकोत. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र कारणे सांगत बसले आणि ४२:७ मध्ये देवाने त्यांच्यावर राग धरला. ७७ व्या स्तोत्राच्या १९ व्या वचनात देवाची वाट समुद्रातून गेली, पण त्याच्या पाऊलखुणा दिसल्या नाहीत. वाट होती एवढे म्हणायला हरकत नाही. प्रत्येक पाऊल दाखवून देण्याची जबाबदारी तुमच्यावर टाकलेली नाही.

जे मागितले ते मिळाले नसेल तर "मिळाले नाही" असेच लिहा. इब्री ११ मध्ये सिंहांची तोंडे बंद करणाऱ्यांच्या पाठोपाठ करवतीने चिरलेले लोकही आहेत आणि त्यांच्या विश्वासाला कमी लेखलेले नाही. भावांनी विकलेल्या योसेफानेही त्यांना तुम्ही माझे वाईट योजले हे स्पष्ट सांगितले (उत्पत्ति ५०:२०). देवाने चांगले योजले हे त्याच वाक्यात आले, पण वाईटाला चांगले म्हणून आले नाही.

टप्पा ५: मनात काय निघाले

अनुवाद ८:२ म्हणते की रान हे मनात काय आहे ते कळण्यासाठी होते. डाव्या पानावरची चौथी नोंद, म्हणजे "मी काय केले", आता पुन्हा वाचा. खोटे बोललो? भावाच्या वाट्याचे पैसे वापरले? आईवर ओरडलो? प्रार्थना सोडली? तीन ओळींत लिहा आणि कबूल करा. कोणाचे देणे राहिले असेल तर नाव आणि रक्कम लिहा. जकातदार जक्कयाने चौपट परत देण्याचे बोलून दाखवले होते (लूक १९:८), तुम्ही निदान मूळ रकमेची तारीख ठरवा.

एकट्याने करायचा टप्पा हा एवढाच. नवराबायकोनेही एकमेकांचे पान न मागता वाचू नये.

टप्पा ६: एक आज्ञा, नावासकट आणि तारखेसकट

सगळी वही या टप्प्यासाठी लिहायची असते. नियमशास्त्रात "तू मिसरात दास होतास हे आठव" हे वाक्य बहुधा आज्ञेला लागून येते. अनुवाद ५:१४-१५: दास होतास, म्हणून शब्बाथाचा (सातव्या दिवसाचा) विसावा तुझ्या दासदासींनाही. १५:१३-१५: दास होतास, म्हणून मुक्त होणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नकोस, कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून दे. २४:१७-२२: विधवेचे वस्त्र गहाण घेऊ नकोस आणि शेतात राहिलेली पेंढी उचलायला परत जाऊ नकोस. जिथे स्वतःला लागले, तिथेच दुसऱ्याला सोडवायचे. म्हणून तुमची आज्ञा तुमच्या प्रसंगातूनच काढा.

सरकारी दवाखान्यात रात्र काढताना जेवण मिळाले नव्हते? महिन्यातले दोन शनिवार, वॉर्डाबाहेर बसलेल्या दोन नातेवाइकांना डबा, सहा महिने. व्याजाने पिळले गेलात? नडलेल्या नातेवाइकाला दिलेल्या पैशांवर व्याज नाही (निर्गम २२:२५), आणि हे त्याला आजच सांगायचे. सुटी न मिळाल्याने आईच्या अंत्यविधीला पोचता आले नाही? घरकामाच्या ताईंना आठवड्याची एक भरपगारी सुटी, पुढच्या रविवारपासून.

लिहिताना पाच गोष्टी हव्यात: कोणासाठी, काय, किती, कधीपासून, कधीपर्यंत. "गरिबांना मदत करू" हे या पानावर चालत नाही.

पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात हा दुवा स्पष्ट दिसतो. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि थोरली बहीण एकामागोमाग गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना केडगावला घेऊन आल्या. उपासमार काय असते हे माहीत असल्याने बातमी वाचून स्वस्थ बसणे त्यांना जमले नाही.

या टप्प्यावर दोन चुका मोठ्या आहेत.

पहिली, नवस फेडल्यासारखे करणे. देवाने बरे केले म्हणून इतके दिले, हिशेब मिटला. अनुवादात मान्ना आधी आहे आणि आज्ञा नंतर, आणि मान्ना कोणत्याही बोलीवर दिलेला नव्हता. मुदत ठरवायची ती काम नीट व्हावे म्हणून, कर्ज फिटावे म्हणून नाही.

दुसरी चूक जास्त घातक आहे, कारण ती विश्वासू माणसांकडून होते. "आम्ही नाही का काढले दिवस?" हे वाक्य. सासू सुनेला म्हणते, जुने पंच नव्या तरुणांना म्हणतात, गरिबीतून वर आलेला मालक कामगाराला म्हणतो. आठवण पक्की असते, पण ती मोजपट्टी झालेली असते. मत्तय १८:२३-३५ मधल्या दासाला दहा हजार तालांताचे अफाट देणे माफ झाले आणि बाहेर पडताच त्याने शंभर दिनारांच्या किरकोळ देण्यासाठी सोबत्याचा गळा धरला. निर्गम २३:९ उलट दिशेने बोलते: परक्याचे मन तुम्हांला ठाऊक आहे, म्हणून त्याच्यावर जुलूम करू नका. सोसलेल्या माणसाला समोरच्याचे मन आतून माहीत असते आणि देव त्या माहितीचा उपयोग मागतो.

तपासा: या वहीचे काम सुरू झाल्यापासून घरात तुमचा स्वर मऊ झाला की कडक? हे स्वतःला विचारू नका. सुनेला, मुलाला किंवा हाताखालच्या माणसाला विचारा. कडक झाला असेल तर टप्पा ४ पुन्हा करा. पुरवठा मनाला पोचलेला नाही.

टप्पा ७: सांगणे

आज्ञा पाळायला सुरुवात होऊन महिना झाल्यावरच मंडळीत साक्ष द्या. वेळ पाच मिनिटे. एक मिनिट घटना, एक विलाप, दोन पुरवठा, एक आज्ञा. घर, गाडी, पगार यांचा उल्लेख करायचाच तर मध्ये करा, शेवट त्यावर नको.

२ करिंथ १:८-११ हा उत्तम नमुना आहे. पौल सांगतो की आशियात जीवाची आशाही सुटली होती, पण नेमके काय घडले ते तो सांगत नाही. ऐकणाऱ्याला सगळे तपशील लागत नाहीत. ज्यांचे नाव घेणार त्यांची आधी परवानगी घ्या. ज्यांनी मदत केली नाही त्यांचे नाव घेऊच नका. वहीच्या पानांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

मुलांना सांगताना यहोशवा ४ प्रमाणे करा. यार्देन नदीतले बारा धोंडे गिलगालात उभे केले ते मुलांनी विचारावे म्हणून. तसे घरात दिसेल असे काही ठेवा: तो जुना डबा, पावतीची चौकट, दवाखान्याचा पास. प्रश्न आला की सांगा, आला नाही तर वाट पाहा. दहा वर्षांखालच्या मुलाला पुरवठा आधी सांगा आणि संकट थोडक्यात. मोठ्यांना डावे पान वाचू द्या.

इशारा: "आमच्या वेळी हे नव्हते, तुम्हांला किंमत नाही" असे सुरू झाले की सांगणे संपले आणि बोल लावणे सुरू झाले. तिथेच थांबा.

टप्पा ८: वर्षातून एकदा

त्या काळातली एक तारीख ठरवा: दवाखान्यातून घरी आणल्याचा दिवस, शेवटचा हप्ता फेडल्याचा दिवस. वल्हांडणालाही, म्हणजे मिसरातून सुटल्याच्या आठवणीच्या सणालाही, तारीख होती आणि ताटात कडू भाजी होती (निर्गम १२:८). त्या संध्याकाळी तेव्हा जे खाल्ले तेच करा, पेज असेल तर पेज, भाकरी-ठेचा असेल तर तोच. अनुवाद २६:११ प्रमाणे घराबाहेरचे एक माणूस ताटावर असू द्या. एकाने डावे पान वाचावे, दुसऱ्याने उजवे, मग १३६ व्या स्तोत्रासारखे प्रत्येक पुरवठ्यामागे सगळ्यांनी मिळून "कारण त्याची दया सनातन आहे" म्हणावे.

मग टप्पा ६ चे पान काढा आणि शेजारी तारीख टाकून लिहा: पाळले, अर्धे पाळले, पाळले नाही. पाळले असेल तर मुदत वाढवा किंवा नवी आज्ञा घ्या आणि वहीत पुढचा प्रसंग उघडा. पाळले नसेल तर नवा प्रसंग उघडू नका. जुनीच आज्ञा निम्म्या मापाने पुन्हा लिहा, दोन शनिवारांऐवजी एक, आणि पुढची तारीख वर्षाची न ठेवता तीन महिन्यांची ठेवा.